सड बरं होतंय आणि परत सुजतंय, असं का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. खानापूर तालुक्यातनं लिहितोय. एचएफ (होल्स्टीन) क्रॉस गाय हाय, दुसरं वेत. मागचं डावं सड तीनदा सुजलं, सडात औषधाची ट्यूब सोडली की चार दिवसांत दूध साफ आणि महिन्याभरात परत गाठी. बेळगावात शिकणारा पुतण्या म्हणतोय पेप्टाइडचं नवीन औषध निघालंय. कुठं मिळंल?

उत्तर : दादा, आधी गोठ्यातल्या पाण्याच्या हौदात आतनं हात फिरवून बघा. बुळबुळीत थर लागतोय न्हवं? नुसतं पाणी ओतून तो जात नाही, घासावाच लागतो. तसलाच चिकट थर स्टॅफ ऑरियस हा जंतू कासेत धरतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. औषध त्यातनं नीट उतरत नाही, आणि उतरलं तरी आतले कितीतरी जंतू निपचित पडलेले असतात आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूवरच चालतात, म्हणून दूध साफ दिसतं पण मूळ तिथंच राहतं. तुमच्या गायीला हेच झालंय का ते दूध लॅबला दिल्यावरच कळंल.

पुतण्या खोटं सांगत नाही. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचे बारके तुकडे, गायीच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींतही असतात. त्यातले बरेच जंतूच्या आवरणालाच भोकं पाडतात, त्यामुळं निपचित पडलेलाही मरू शकतो. दुधातल्याच एका जंतूपासनं मिळणारं नायसिन हे पेप्टाइड तर 1928 पासनं माहीत आहे, चीज टिकवायला वापरतात. मला यातनं फार आशा आहे. पण लॅबमधल्या काचेच्या बशीत थर फुटणं वेगळं आणि दुधानं भरलेल्या कासेत फुटणं वेगळं, तिथं काही पेप्टाइडांचा जोर दुधातल्या प्रथिनांनी कमी होतो, काही तुटूनच जातात, आणि बनवायचा खर्चही मोठा. त्यामुळं मेडिकलात जाऊन मागावं असं ते अजून झालेलं नाही, त्या नावानं कुणी बाटली विकली तर घेऊ नका.

आत्ता काय कराल? ट्यूब सोडायच्या आधी त्या सडाचं दूध स्वच्छ बाटलीत घेऊन तपासायला द्या, कुठलं औषध लागू पडतंय ते कळतं. कोर्स पुरा करा, दूध साफ दिसलं म्हणून मधेच सोडू नका, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका. या गायीची धार सगळ्यात शेवटी काढा, नाहीतर तुमच्याच हातानं जंतू दुसरीच्या सडाला जातोय. धार झाली की सडं आयोडीनच्या डीपमध्ये, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधात, बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे अर्धा-पाऊण तास उभी राहील, तोवर सडाचं तोंड मिटतं. आटवताना डॉक्टरांकडनं ड्राय काऊ ट्यूब, म्हणजे आटत्या गायीच्या सडात सोडायचं औषध, जरूर सोडून घ्या, दुधात असताना न हटलेला आजार तेव्हा हटायची शक्यता जास्त. आणि एवढं करूनही तेच सड सुजत राहिलं तर ते सड कायमचं आटवायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तीन सडांवरही गाय दूध देते.