पंधरा वर्षं पडून असलेली यझदी घरच्या घरी रिस्टोअर होईल का आणि खर्च किती येईल?

होतं भावा, घरच्या घरी होतं. जागा म्हणशील तर गाडी आणि शेजारी तू मांडी घालून बसलास की बास. पण तू प्रश्नाच्या शेवटी जे टाकलंयस ना, की बाबांची ७६ची यझदी मोटारसायकल २०१० साली चालता चालता जाम झाली म्हणून ठेवून दिली, २०१९च्या पुरात दोन दिवस पाण्यात होती, आणि आता मेकॅनिक म्हणतोय "आधीचा बोअरच घट्ट बसवलेला" (म्हणजे सिलेंडर आतनं घासून मोठा करताना पिस्टनला जागाच कमी ठेवलेली), ते वाचून रात्री साडेअकराला लिहायला बसलोय. कारण हेच वाक्य मी इतकी वर्षं सख्ख्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकतोय. लग्नात, बारशात, एकदा तर रक्षाविसर्जनाला.

आमची पण यझदी वडिलांचीच. ९८ला आण्णांनी स्कूटर घेतली आणि यझदी गेली शिवाजी पेठेतल्या घराच्या परड्यात, पलीकडं शेजाऱ्यांच्या म्हशींचा गोठा. पंधरा वर्षं म्हशींचं मूत आणि वरून कोल्हापूरचा पाऊस. २०१३ला ओढून बाहेर काढली तेव्हा मागच्या रिमवर अंगठा दाबला तर क्रोमचा पोपडा निघाला आणि अंगठा आरपार. टाकीत पेट्रोल नव्हतं, डांबर होतं. दोन सायलेन्सर असतात तिला, त्यातल्या डाव्यात उंदराचं घरटं, आणि त्या घरट्यात हिरवी चिंधी, जी बघून आई म्हणाली "ही माझ्या लुगड्याची, धुणाऱ्या बाईवर आळ घेतला होता मी."

इंजिन तुझ्यासारखंच जाम. प्लग काढून वरून डिझेल आणि गिअर ऑइल ओतलं, नऊ दिवस तसंच ठेवलं, मग चौथ्या गिअरात टाकून मागचं चाक हळूहळू पुढं-मागं. दहाव्या दिवशी सुटलं. हातोडा लावायचा नाही आणि किकवर उभं राहून जोर काढायचा नाही, हिची किक आणि गिअरचा पाय एकच असतो, तो शाफ्ट गेला की बस बोंबलत. तुझी पुरात होती, म्हणजे हे सगळं करून सुटली तरी चालू करायची नाही, इंजिनाचं खालचं कवच उघडून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) बाहेर काढायलाच पाहिजे, बेअरिंगात गाळ असणार म्हणजे असणार.

बाकीचं काम फार नाही सांगत, व्हिडिओ पडलेत ढिगानं. फक्त एक, यझदी म्हणजे जुन्या जावाचंच नंतरचं नाव, म्हणून नव्या जावाचे पार्ट बसतील असं समजून शोरूमला जाऊ नको, २०१८ला आली ती फोर स्ट्रोक आणि पाण्यावर थंड होणारी, हिचा तिचा संबंध नावापुरता. हिची म्हैसूरची फॅक्टरी ९६ला बंद झाली, आता मिळतं ते सगळं कुणीतरी मागाहून बनवलेलं, त्यात निम्मं बसत नाही. पण आपण कोल्हापुरात राहतो. उद्यमनगरात सँपल घेऊन जायचं, दुपारचा चहा होईस्तोवर दुसरं तसलंच हातात. माझे किकचे बुश, सायलेन्सरच्या चुड्या, मागच्या चाकाचा ॲक्सल, सगळं तिथलं. आणि बोअर पण तिथलाच.

तर आता बोअर. ज्या मिस्त्रींनी केला त्यांचं नाव घेत नाही, पण माणूस असा की सिलेंडर हातात घेतला की आधी पुसून उजेडाकडं धरणार, पाच मिनिटं काही बोलणारच नाही. ६५चा स्टँडर्ड बोअर झिजून अंडाकृती झालेला, अर्धा एमएमचा ओव्हरसाइज पिस्टन आणला, त्यांनी पिस्टन मापून त्याच्यावर ०.०६ एमएम गॅप ठेवला आणि मला म्हणाले, "पहिले पाचशे किलोमीटर पोरगी सासरी नांदायला गेल्यासारखी चालवा." मी चालवली. ही टू स्ट्रोक, हिच्या पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं, नवा बोअर म्हणून जरा जास्त, लिटरला ५० मिली, रंकाळ्याला चक्कर, फार तर कळंब्यापर्यंत, थंड होऊ द्यायची, परत. चार लिटर मिक्स पेट्रोल घातलेलं, त्यातलं तीन संपलं, गाडी अशी वाजायची की गल्लीतली म्हातारी माणसं दारात यायची.

आणि मग रविवारी दादा आला. मी आंघोळीला. चावी लावून साहेब वहिनीला मागं बसवून पन्हाळ्याला झुणका-भाकरी खायला निघाले. रिझर्व्ह लागलं म्हणून वाटेत पंपावर सहा लिटर पेट्रोल भरलं. नुसतं. दादानं कॉलेजला आरएक्स १०० फिरवली, तिच्यात तेलाची वेगळी टाकी, पंप आपोआप तेल सोडतो, आणि नंतर आजपर्यंत बुलेट, तिथं तर पेट्रोलात तेल हा विषयच नाही. तू हिशोब कर, टाकीत उरलेलं लिटरभर, त्यात ५० मिली तेल, वर सहा लिटर कोरं. म्हणजे लिटरला जेमतेम सात मिली. त्यात मागं वहिनी, चढ, आणि दादाचा हात. वाघबीळला मागचं चाक जाग्यावर लॉक, दोघं पडले नाहीत ही जोतिबाची कृपा. छोटा हत्तीतनं गाडी घरी आली आणि उतरता उतरता दादाचं पहिलं वाक्य, "बोअर घट्ट केलाय तुझ्या मिस्त्रीनं."

तो पिस्टन मी टाकला नाही. टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवलाय, बायको वैतागते. ज्याला बघायचंय त्यानं घरी यावं. बोअर घट्ट असला की पिस्टन गरम होऊन फुगतो आणि घासतो चार जागी, पिस्टनच्या आडव्या पिनच्या दोन्ही अंगाला चार उभे पट्टे पडतात. हवा कुठनं तरी खाऊन इंजिन तापलं तर एक्झॉस्टच्या बाजूला जास्त मार बसतो. आणि तेलच नसेल तर सगळीकडनं, अख्खा स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा रिंगांखालचा भाग, खरवडून निघतो, ॲल्युमिनियम चोपडल्यासारखं होतं, रिंगा खाचेत बुजून जातात. माझ्या पिस्टनला नख फिरवायला एक गुळगुळीत जागा नाही. पुढं, मागं, पिनजवळ, सगळीकडं तेच. आता सांग. हे दादाला सतरा वेळा दाखवलंय, तो म्हणतो "तेल कमी पडलं असंल, पण बोअर मापात असता तर तग धरली असती." ह्याला काय बोलणार? त्याच मिस्त्रींनी पाऊण एमएमचा पिस्टन घालून परत बोअर केला, तोच गॅप, ती गाडी आजपण चालते.

तर तुझ्या मेकॅनिकला म्हणावं आधी हेड उघड, पिस्टन बाहेर काढ, मग बोअरवाल्याला नाव ठेव. आणि बाबांना विचार त्या दिवशी पेट्रोल कुठं भरलं होतं आणि कुणी.

खर्च. मला २०१३ला ४२ हजार गेले, दुसरा बोअर-पिस्टन धरून, माझी मजुरी शून्य. आज त्यात होणार नाही. क्रोम आणि कलर ह्यातच निम्मे जातात, ते शेवटी करायचं, लोक आधी टाकी चमकवतात आणि इंजिन तसंच राहतं.

कागदाचं म्हणशील तर ७६ची म्हणजे पन्नाशीला आलीच, पन्नास पूर्ण झाली की २०२१च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २० हजार भरायचे आणि नंबरात 'व्हीए' येतं, आधीची नोंद असेल तर जुनाच नंबर राहतो, आणि दहा वर्षं चालतं. पण मग रोज रस्त्यावर फिरवायची नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढंच. मी म्हणतो कशाला? पन्हाळ्याला जाता येत नसेल तर गाडी उभी कशाला करायची? आरसी असेल तर बाबांच्या नावावरनं तुझ्या नावावर कर आणि साधं रिन्यूअल बघ.

आणि हो, टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग लावायचं नाही, कितीही धुतली तरी, ते ज्याचं त्यानं करावं. जुन्या ब्रेक लायनरची धूळ फुंकायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असायचं. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुने रबर फुगतात आणि ते पाणी ओढतं, म्हणून महिनाभर उभी ठेवणार असशील तर टाकी-कार्बोरेटर रिकामे कर.

आता खरं बोलायचं तर टाकीवर चिठ्ठी मी पण लावली नव्हती. आणि चावी खुंटीला होती. हे दादाला सांगितलेलं नाही आणि तो हे वाचणार नाही. आता झाकणाशेजारी लाल अक्षरात लिहून घेतलंय, "पेट्रोलात तेल, लिटरला ४० मिली". मागल्या खंडेनवमीला पाने-हातोड्यांसोबत मी तो पिस्टन पण पुजेला मांडला. दादानं ती लाल अक्षरं वाचली, माझ्याकडं बघितलं, सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लावत लावत पिस्टनपाशी आला, त्यालाही लावलं आणि म्हणाला, "घट्टच होता."

तुझा पिस्टन निघाला की चारी बाजूंनी फोटो काढून इथं टाक. पुराचा गंज असला तरी ओरखडे दिसतात. उजेडात काढ, दादाला मोबाईलवर दाखवायचेत.