आदली रात्र नव्हे, आधीचा महिना

प्रिय मुली,

परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाईल आईकडे देऊन नऊलाच झोपलीस, तरी पेपरात काही सुचेना, म्हणून तू स्वतःच्या बुद्धीवर शंका घेते आहेस. ती घेऊ नकोस.

अमेरिकेत एमआयटी विद्यापीठामध्ये रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या मुलांची झोप सेमिस्टरभर मनगटी पट्ट्यांनी मोजली. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. परीक्षेच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेशी. झोपेत अनियमितपणा असणाऱ्यांचे गुणही कमी होते. तेव्हा तुझा पेपर त्या रात्री बिघडला नाही. आधीच्या साध्यासुध्या रात्रींकडे बघ. दिवसा वर्गात ऐकलेलं त्याच रात्रीच्या झोपेत पक्कं होतं, आणि नेमक्या अशा साध्या रात्रींनाच तू एक वाजेपर्यंत रील्स बघत होतीस.

स्क्रीनच्या निळसर उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, उशिरा स्रवतं, हे खरं. पण नाईट मोड लावला म्हणजे झालं, असं समजू नकोस. रील्सना शेवटच नसतो, आणि जातात ते तुझे झोपेचे तास.

तुझ्या वयाला सात ते नऊ तास लागतात. पेडण्याहून ताळगावच्या पठारावर विद्यापीठात पोचायला तू साडेपाचला उठतेस, म्हणजे साडेदहाला डोळा लागायलाच हवा. कदंबच्या बसमधल्या डुलकीने शीण थोडा उतरतो, रात्रीची झोप भरून निघत नाही.

गजरासाठी मोबाईल उशाशी लागतो म्हणतेस. म्हापशाच्या बाजारातून गजराचं साधं घड्याळ आण आणि चार्जर स्वयंपाकघरात ठेव. एवढं एक केलंस तरी मला पुरे. वर्गाच्या मोबाईलवरच्या गटातले प्रश्न सकाळी बसमध्ये वाच. रात्री अकराला आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या चाचणीच्या, तारखेवर झडणाऱ्या चर्चेतून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. जत्रेत दशावतारी नाटकाला रात्रभर बसायचं असेल तर मात्र खुशाल बस. वर्षातली अशी एखादी रात्र अभ्यास बुडवत नाही.

मोबाईल दूर ठेवूनही दोन-तीन आठवडे झोप लागली नाही, छातीत धडधडत राहिलं, तर ते लपवू नकोस. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, डॉक्टरांना दाखवू. एकटीने जायचा संकोच वाटला तर कळव, मी सोबत येईन.

तुझ्या बाई