मांजरातला अनुस्वार आणि सेलेंजर

प्रश्न असा आहे: 'सेलेंजर्स राउंड' या जुन्या इंग्रजी नाचाच्या चालीतला सेलेंजर कोण, आणि त्यातल्या 'राउंड'ला मराठीत काय म्हणावं?

आधी जळजळ ओकून टाकतो. मागे एका मैफलीत निवेदकांनी 'आता ऐकू या सेलेंजर यांची रचना' असं ठणकावून सांगितलं आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. अहो, सेलेंजर नावाचा कुणी संगीतकार झालाच नाही. चाल निनावी आहे. सोळाव्या शतकातल्या विल्यम बर्ड या इंग्रज संगीतकाराने व्हर्जिनल या पेटीवजा वाद्यासाठी तिची एकापुढे एक नऊ रूपं बांधली. 1591 साली पुऱ्या झालेल्या 'माय लेडी नेव्हेल्स बुक' या हस्तलिखितात ती आहेत. 1953 साली, दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, बेंजामिन ब्रिटन आणि आणखी पाच इंग्रज संगीतकारांनी तिच्यावर एकेक रूप रचलं. एवढ्या सगळ्यांत सेलेंजर कुठेच नाही.

कारण सेलेंजर म्हणजे सेंट लेजर. होय, पुण्याच्या रेसकोर्सवर ज्या नावाने शर्यत धावते तोच. मूळ शर्यत डॉनकास्टरची, 1776 ची, अँथनी सेंट लेजर या गृहस्थाच्या नावाची. हे आडनाव इंग्लंडात लिहायचं सेंट लेजर आणि म्हणायचं सेलिंजर. मुळातला संत सातव्या शतकातला, फ्रान्समधल्या ओतँचा बिशप लिओडेगार. दरबारी राजकारणात बिचाऱ्याचे डोळे गेले, मग प्राण. नावाचा अर्थ 'लोक' अधिक 'भाला'. हा भालेवाला 'गार' गार्लिकमध्येही बसलाय, म्हणजे लसूण सोलताना तुम्ही सेलेंजरचं शेपूट हातात धरलेलं असतं!

'सेंट'चा नुसता 'से' कसा उरला, याचं नवल नको. सेंट क्लेअरचा सिंक्लेअर झाला, सेंट मोरचा सेमूर, आणि सेंट जॉन हे काही घराण्यांत चक्क सिंजिन. लांब कशाला जा, गोव्यातला सांजाव घ्या. 24 जूनला विहिरीत उड्या टाकणाऱ्या किती जणांना त्यात 'सांव', म्हणजे संत, वेगळा ऐकू येतो?

खरी गंमत 'न'ची. लेजरमध्ये न नाही, सेलेंजरमध्ये आला कुठून? 'सेंट'मधला न उडी मारून पुढे गेला, असं कुणी सांगेल. मला ते पटत नाही. फ्रेंच 'पासाजे' आणि 'मेसाजे' या शब्दांतही न नव्हता. इंग्रजांच्या तोंडी त्यांचे पॅसेंजर आणि मेसेंजर झाले. शेवटच्या 'जर'च्या आधी न घुसवायची त्या भाषेला खोडच होती. आपण हसायचं कारण नाही. मार्जाराचं मांजर आपणच केलं ना? र गेला आणि त्याच्या जागी अनुस्वार येऊन बसला. प्रक्रिया एकच आहे असं मी म्हणत नाही (म्हणावंसं फार वाटतं), पण पॅसेंजर, सेलेंजर आणि मांजर एका ओळीत ठेवून मोठ्याने म्हणून बघा.

आता ही चाल कोणत्या सेंट लेजरची? काही जण विंडसरला पुरलेल्या सर थॉमसकडे बोट दाखवतात. हा इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याचा मेहुणा, 1483 साली मुंडकं उडालेला. आयरिश संगीताचा इतिहास लिहिणारे ग्रॅटन फ्लड म्हणतात, आठव्या हेन्रीचा आयर्लंडमधला कारभारी सर अँथनी सेंट लेजर (शर्यतवाला नव्हे, त्याच्या आधीचा) याने ती तिकडून आणली. फ्लडसाहेबांना कुठलीही बरी चाल आयरिशच वाटते, तेव्हा त्यांचं म्हणणं चिमूटभर मिठाबरोबर नव्हे, मूठभर मिठाबरोबर घ्यावं. माझा कयास असा की सरदार मध्ये आलेच नसावेत, नाव थेट संताच्या दिवसाचं असावं. अडचण एकच: संताचा दिवस 2 ऑक्टोबर, आणि जुन्या लाकडी ठशाच्या चित्रात 'सेलेंजर्स राउंड'चा पुकारा होतो तो मे महिन्याच्या सणाला उभारलेल्या खांबाभोवती नाचणाऱ्यांमध्ये. असो. मी कयास सोडलेला नाही.

या चालीचं दुसरं नाव 'जगाचा आरंभ'. थॉमस हेवुडच्या 1607 साली छापलेल्या नाटकात लग्नघरची गडीमाणसं कोणता नाच नाचायचा यावरून हुज्जत घालतात, तेव्हा एकजण हेच नाव पुढे करतो.

अरे हो, राउंडचं राहिलंच. 'फेर' म्हणा. सतराव्या शतकातला लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याच्या नृत्यपुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत या नाचाची कृती दिली आहे. तिची सुरुवात हात धरून गोल फिरण्याने होते, येतील तेवढ्या जोड्यांनी. भोंडल्याला आपण जो फेर धरतो तोच शब्द इथे चपखल बसतो. 'फेरी' म्हटलंत तर लोकांना स्पर्धेची पहिली फेरी आठवेल, आणि मग सेलेंजर पुन्हा घोड्यावर बसेल.