हिमयुगातही वादळं होतीच

अरबी समुद्रातल्या वादळांवर मागच्या अंकात लेख छापला, त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. वसईच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्याचं उत्तर चार ओळींत मावणारं नाही.

समुद्राचं पाणी २६.५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय चक्रीवादळ तयार होत नाही, असं भूगोलाच्या पुस्तकात आहे. मग हिमयुगात चक्रीवादळं बंदच पडली असतील ना? – विलेपार्ले

नाही, बंद पडली नव्हती. २६.५ हा आकडा आजच्या हवेसाठी ठीक आहे, पण तो सर्व काळांना लागू होत नाही. चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारं इंजिन आहे आणि इंजिनाला नुसती गरम बाजू पुरत नाही, गार बाजूही लागते. आज गरम बाजू म्हणजे २८-२९ अंशांचा समुद्र. गार बाजू म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटर उंचीवरची उणे ७० अंशांच्याही खालची हवा. जोर ठरतो तो या दोहोंतल्या फरकावर.

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. तेव्हा उष्ण कटिबंधातला समुद्र आजच्यापेक्षा साधारण दोन-तीन अंशांनी थंड होता. पण वरची हवा त्याहून जास्त गारठलेली होती. दमट हवा वर चढते, बाष्पाचे थेंब होतात आणि त्यातून सुटलेली उष्णता वरच्या थरांना मिळते. समुद्र थंड असला की बाष्प कमी, म्हणून वर पोचणारी ऊबही कमी. दोन्ही टोकं खाली आली, फरक बऱ्यापैकी टिकला आणि २६.५चा उंबरठाही खाली सरकला. आज पृथ्वी तापते आहे तेव्हा तोच उंबरठा वर सरकतो. म्हणून ‘समुद्र एक अंशाने तापला की इतकी वादळं वाढणार’ असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब कुणी मांडला तर तो बाजूला ठेवावा.

दुसरी अट वाऱ्यांची. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर बाष्पाला तोटा नसतो, तरी चक्रीवादळं येतात ती मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. कारण पावसाळ्यात दीड किलोमीटर उंचीवर नैर्ऋत्येचा जोरदार वारा असतो आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा. वादळाचा खांब उभा राहायच्या आत त्याचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे ओढले जातात. नऊ ते सहा हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्याला आजच्यापेक्षा जास्त ऊन मिळत होतं. तेव्हा सहारा हिरवा होता आणि आपला मान्सूनही दांडगा होता. मात्र मान्सून जितका जोरकस, तितकी ही ओढाताणही जास्त. त्यामुळे ‘पाऊस जास्त, म्हणजे चक्रीवादळंही जास्त’ हे समीकरण अरबी समुद्रात चालत नाही.

हजारो वर्षांपूर्वीची वादळं शास्त्रज्ञांना कळतात कशी? वसईच्या खाडीत किंवा मिठागरात खणलं तर आपल्याला काही सापडेल का? – वसई

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: वसईत बहुधा नाही. का ते समजायला पद्धत बघावी लागेल.

पुळणीच्या मागे शांत पाण्याचं तळं असेल तर त्यात वर्षभर बारीक काळा गाळ बसतो. मोठ्या वादळात समुद्र पुळण ओलांडतो आणि तिची वाळू तळ्यात ओततो. पुन्हा गाळ बसतो, वाळू आत झाकली जाते. तळाशी साधारण तीन इंची ॲल्युमिनियमचा पाइप उभा दाबायचा, वरचं तोंड घट्ट बंद करायचं आणि ओढून काढायचा. तोंड बंद केलं नाही तर गाळ वाटेतच निसटतो. पाइप दाबताना आतला गाळ चेपतो, म्हणून आतली आणि बाहेरची पातळी दोन्ही मोजून ठेवायच्या. हे राहिलं तर खोलीचे सगळे आकडे चुकतात आणि मागाहून दुरुस्त होत नाहीत.

पाइप उभा चिरला की आत करडा-काळा गाळ दिसतो, कुठेकुठे कुजलेल्या पानांचे धागे, आणि मध्येच बोटभर जाडीची पिवळसर वाळूची पट्टी. पट्टीची खालची कड सुरीने कापल्यासारखी असते, वरची हळूहळू गाळात विरते. शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने ती हाताला खरखरीत लागते. पण डोळ्यांवर भिस्त ठेवायची नाही. एकेक सेंटीमीटरचे काप करायचे, १०५ अंशांवर वाळवून वजन घ्यायचं, मग ५५० अंशांच्या भट्टीत चार तास ठेवून पुन्हा वजन. जळून गेलेला भाग सेंद्रिय. वाळूच्या पट्टीत तो एकदम कमी भरतो. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर उरते ती वाळू. तिच्यात समुद्रात राहणाऱ्या फोरामिनिफेरा या एकपेशीय सूक्ष्मजीवांची कवचं सापडली तर वाळू नदीने आणलेली नसून समुद्राकडून आली, याला बळ मिळतं.

तारखा काढायला गाळातली किरणोत्सारी द्रव्यं मोजतात. वरच्या थरांसाठी सीझियम-१३७ उपयोगी पडतं, कारण अणुचाचण्यांमुळे त्याचं शिखर १९६३च्या आसपास दिसतं. साधारण शंभर-दीडशे वर्षांपर्यंत शिसं-२१० चालतं, त्यापुढे रेडिओकार्बन. रेडिओकार्बनला पान किंवा काडी द्यावी, शिंपला टाळावा. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो, त्यामुळे शिंपला खऱ्या वयापेक्षा सुमारे चारशे वर्षं म्हातारा निघतो. गाळ वर्षाला एक मिलिमीटर बसत असेल तर एका सेंटीमीटरच्या कापात दहा वर्षं येतात. त्या दहा वर्षांत दोन वादळं येऊन गेली असली तरी पट्टी एकच दिसू शकते.

या रीतीने पोर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावरच्या तळ्यातून पाच हजार वर्षांची नोंद मिळाली, ती २००७मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ३,६०० ते २,५०० वर्षांपूर्वीचा काळ तिथे शांत दिसतो, आणि पुन्हा १,००० ते २५० वर्षांपूर्वीचा. शांत काळाचा मेळ एल निनो (पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची अवस्था) वारंवार येण्याशी बसतो, कारण एल निनोत अटलांटिकवर वाऱ्यांची तीच ओढाताण वाढते. बेलीझच्या ‘ग्रेट ब्लू होल’ या समुद्री विवरातून काढलेला गाळाचा उभा गाभा तर तीस मीटर लांब आहे. त्यात ५,७०० वर्षांचा गाळ आहे आणि वादळांचे ५७४ थर मोजले गेले आहेत.

आता वसई. पहिली अडचण भरती-ओहोटीची. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. खाडीच्या तोंडाशी रोजचा प्रवाहच इतका ओढ घेतो की वादळाने टाकलेली वाळू जागेवर राहत नाही. दुसरी, वादळ ऐन ओहोटीला आलं तर पाणी पुळण ओलांडतच नाही, आणि वादळ जबर असूनही पट्टी उमटत नाही. तिसरी, दर पावसाळ्यात नद्या ढीगभर गाळ आणतात. चौथी, मिठागरं, भराव, कोळंबीची तळी, रेती उपसा. माणसाने उकरलेल्या गाळातून काळाचा क्रम गेलेला असतो. उरलंसुरलं खेकडे बिळं करून ढवळतात. शिवाय २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली होती. त्सुनामीची वाळू आतवर जास्त दूर जाते आणि तिच्यात खालच्या गाळाचे उखडलेले गोळे मिळतात खरे, पण एकाच पाइपवरून निवाडा देणं धाडसाचं.

खणायचंच तर रायगडमध्ये श्रीवर्धनच्या आसपास, मोठी खाडी आत न शिरलेली आणि कुणी न उकरलेली सखल जागा बघावी. ३ जून २०२०चं ‘निसर्ग’ त्याच भागात किनाऱ्यावर आलं. म्हणून आधी वरच्या दोन-चार सेंटीमीटरमध्ये ‘निसर्ग’ची वाळू आहे का ते तपासायचं. नसेल तर ती जागा त्याहून मोठीच वादळं नोंदवते, किंवा काहीच नोंदवत नाही. हे आधी कळलेलं बरं.

गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभांवरूनही जुनी वादळं वाचतात. चक्रीवादळाच्या पावसात जड ऑक्सिजन कमी असतो आणि ती खूण चुन्याच्या थरात राहते. ऑस्ट्रेलियात हे झालं आहे. आपल्याकडे सह्याद्री बहुतेक बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडाचा, चुनखडीचा नव्हे; आणि कान्हेरी-घारापुरीची लेणी माणसाने कोरलेली. तो मार्ग कोकणापुरता बंद. हिमयुगाचं तर विचारूच नका. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, त्यामुळे त्या वेळचा किनारा आज मुंबईच्या पश्चिमेला खोल पाण्यात आहे.

१८८२च्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली, असं इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी आहे. खरं आहे का? – गिरगाव

खोटं आहे. १८८१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. लाख माणसं गेली असती तर दर आठांतला एक गेला असता. १८९१च्या जनगणनेत मात्र आकडा ८,२१,७६४ आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६पासूनची, अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८पासूनच्या. शहर बुडवणारं वादळ या दोघांच्या नजरेतून सुटत नसतं, आणि वर्तमानपत्रं तर रोज निघत होती. मुंबईच्या चक्रीवादळांचा धोका तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी हा प्रसंग शोधला, त्यांनाही पुरावा मिळाला नाही. शहराला बसलेले खरे तडाखे वेगळे आहेत: नोव्हेंबर १८५४चं वादळ, नोव्हेंबर १९४८चं वादळ. मे १६१८मध्ये वसई-मुंबईला झोडपलेल्या वादळाचं वर्णन पोर्तुगीजांनी लिहून ठेवलं आहे.

पूर्वीही हवामान बदलत होतं, वादळं कमीजास्त होत होती. मग आताची वाढ नैसर्गिकच का म्हणू नये? – बोरिवली

पूर्वी कमीजास्त होत होती, हे मान्य. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरचे डाग जवळजवळ नाहीसे झाले होते. बुडालेल्या स्पॅनिश जहाजांच्या नोंदी आणि फ्लोरिडातल्या झाडांची वलयं जुळवून पाहिली, तेव्हा त्या काळात कॅरिबियनमधली वादळं सुमारे ७५ टक्क्यांनी घटलेली दिसली. पण प्रत्येक वेळी कारण शोधावं लागतं, ‘नैसर्गिक’ हे कारण नव्हे.

अरबी समुद्रापुरतं सांगायचं तर पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२-२००० आणि २००१-२०१९ या काळांची तुलना केली. चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. समुद्र तापला हे त्यामागे आहेच. दुसऱ्या काही अभ्यासांत दक्षिण आशियावरच्या धूर-धुळीमुळे वाऱ्यांची ओढाताण सैल झाल्याचंही निघालं आहे. मात्र २०१९मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली तेव्हा जुना विक्रम मोडला नाही, १९०२ची बरोबरी झाली. चाळीस वर्षांच्या आकड्यांवर पैज लावताना हे १९०२ लक्षात असू द्यावं.

पाच ते तीन दशलक्ष वर्षांपूर्वीच्या प्लायोसीन काळाचं उदाहरण भविष्यासाठी दिलं जातं, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा आजच्या जवळपास होता. २०१०च्या एका संगणकीय अभ्यासात तेव्हा मध्य पॅसिफिकमध्ये वादळांची रेलचेल दिसते, पण तिथलं पाणी जणू कायम एल निनोत असल्यासारखं मांडलेलं आहे. अरबी समुद्राचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

आमच्या घरी पणजोबांची रोजनिशी आहे, तीत वादळांच्या नोंदी आहेत. त्यांचा काही उपयोग? – अलिबाग

आहे, आणि चांगला आहे. शक असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या नोंदींना ७९. वायुभारमापकाचा आकडा इंचात असेल तर त्याला ३३.८६ने गुणलं की हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं आजचं एकक) मिळतात. तिथी असेल तर ती वर्षाइतकीच मोलाची, कारण तिच्यावरून भरती काढता येते. कोळ्यांचा ठोकताळा तुम्हाला ठाऊकच असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. समजा, वद्य चतुर्थीला रात्री नऊच्या सुमारास घरांची कौलं उडाली पण पाणी आत शिरलं नाही, असं लिहिलं आहे. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी आणि पहाटे तीनला, आणि नऊला ऐन ओहोटी. पाणी आलं नाही एवढ्यावरून त्या वादळाला लहान ठरवू नका.