वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे: माळ्यावरची ट्रंक

प्रश्न: दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात एका ट्रंकेत पणजोबांच्या काळचे फोटो, मोडीतल्या हिशेबवह्या आणि शाळेचे दाखले सापडले. शहराच्या सामाजिक इतिहासावरच्या प्रदर्शनासाठी ते मागितले आहेत. देण्याआधी काय करावे? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर: झाडपूस आणि वर्गवारी करण्याची घाई नको. ट्रंक उघडल्यावर वस्तू ज्या क्रमाने होत्या तसेच थरांचे फोटो मोबाइलवर काढा. एखादा दाखला आणि फोटो एकाच पुडक्यात बांधलेले असतील, तर ती माणसे एकमेकांची कोण हे सांगणारा तेवढाच पुरावा हाती असतो. पुडके सोडले की तो गेला.

मग प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. तो मऊ (२बी) पेन्सिलीने, मागच्या बाजूला, अगदी कडेला लिहा. फोटो सपाट काचेवर पालथा ठेवा आणि जोर लावू नका, नाहीतर अक्षरांचा उठाव चेहऱ्यावर उमटतो. बॉलपेनची शाई काही वर्षांत आरपार येते. यादीत वस्तू कोणाची, अंदाजे कधीची आणि ही माहिती कोणी दिली, हे तिन्ही हवे. ‘आत्याने सांगितले’ आणि ‘कागदावर लिहिले आहे’ यांची सरमिसळ करू नका.

सर्वांत जास्त चुका तारखांत होतात. इसवी सन काढायला, कागदावर शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेरची तारीख असेल तर ७९. गुजराती (विक्रम) संवत कार्तिकात बदलतो, म्हणून कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करायचे आणि तिथून आश्विनअखेरपर्यंत ५६. उत्तरेकडच्या चैत्री पद्धतीने (वर्ष चैत्रात बदलते असे धरून) मोजले की चैत्र ते आश्विन या महिन्यांत एक वर्ष चुकते. समजा, मुलीच्या दाखल्यावर ज्येष्ठ, संवत १९६२ आहे. बरोबर हिशेबाने ते १९०६ साल, म्हणजे सयाजीरावांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले ते वर्ष. चुकीच्या हिशेबाने १९०५ येते आणि त्या दाखल्याचा अर्थच बदलतो.

हिशेबवह्यांत रकमेपुढे बाबाशाही (बडोदा संस्थानचा रुपया) लिहिले आहे की कलदार (इंग्रज सरकारचा), तेही टिपा. दोन्ही रुपयांची किंमत सारखी नव्हती. आणि किराणा, दाईची बिदागी, श्रावणीचा खर्च अशी पाने ‘किरकोळ’ म्हणून बाजूला काढू नका. दरबारी वैभव पाहायला या शहरात जागा पुष्कळ आहेत. मध्यमवर्गीय मराठी घराचा महिना कसा चालायचा, ते याच पानांत सापडते.

प्रश्न: आजोबांचा फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आहे. सोडवता येईल का?

उत्तर: घरी अजिबात नाही. फोटोवरचा जिलेटिनचा थर पावसाळी दमटपणाने फुगतो आणि काचेला धरतो. ओढला की नेमका चेहऱ्याचा भाग काचेवर राहतो. काचेसकट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या आणि पुढचे काम संवर्धन-तज्ज्ञाकडे सोपवा. नवी फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यात जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवा. लॅमिनेशन आणि सेलोटेप कधीच नको, ते परत निघत नाहीत.

प्रश्न: वस्तू दिल्या तर परत मिळतील याची खात्री कशी?

उत्तर: तोंडी व्यवहार करू नका. वस्तू कायमची भेट आहे की मुदतीची उसनवार, हे कागदावर पहिल्या ओळीत असावे. परतीची तारीख, प्रत्येक डाग आणि फाट नोंदवलेला स्थिती-अहवाल (दोघांच्या सह्यांसह), तुमच्या दारातून निघून परत दारात येईपर्यंतचा विमा आणि छापायला छायाचित्र वापरण्याची परवानगी वेगळी लिहून घ्या. फोटो आणि कागदांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे माप) जास्त उजेड नसावा. तीन महिन्यांनंतर मूळ प्रत काढून तिथे नक्कल लावायला सांगा. संग्रहात शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा सचित्र पोथी असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालची नोंदणी आधी तपासा.