गुळवेल समजून नेमकं काय उकळताय?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नेरुळला राहतो. सोसायटीच्या मागे कडुनिंबावर एक वेल चढलीये, पानं नागवेलीसारखी, सगळे तिला गुळवेल म्हणतात. सासरे लॉकडाऊनपासून रोज सकाळी बोटभर तुकडा ठेचून उकळून पितात. त्यांना शुगरची गोळी चालू आहे. परवा भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ही ती नव्हेच. कसं ओळखायचं? आणि खरी असली तर रोज चालते ना?

उत्तर: आधी मावशींना एक कटिंग चहा पाजा, कारण शंका अगदी बरोबर आहे. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा, आणि या कुळात तीसच्या वर जाती आहेत, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत. आपली ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची बहीण क्रिस्पा, इंडोनेशियात ब्रोतोवाली म्हणून ताप, शुगरसाठी उकळून पितात, तीही कडूजहर आणि पानंही तशीच, म्हणून पान बघून काही कळत नाही, खोड बघा. गुळवेलीची साल कागदासारखी पातळ, नखाने ओरबाडली की सुटते आणि आत हिरवंगार दिसतं, आडवा काप घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. क्रिस्पाच्या खोडावर मात्र चामखिळीसारखे ठसठशीत फोड असतात आणि तोडल्यावर दुधाळ चीक येतो. जुन्या गुळवेलीवरही बारीक पुटकुळ्या असतात हं, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नका. तिसरी एक सायनेन्सिस, तिच्या पानाला खालून लव असते.

आता खरा मुद्दा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं तेव्हा आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की झाड चुकीचं ओळखलं असेल. मलाही तेच पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण २०२२ मध्ये १३ सेंटरच्या ४३ पेशंटचा अभ्यास आला आणि त्यात तपासलेले नमुने खऱ्या गुळवेलीचेच निघाले. अर्ध्याहून जास्त जणांत ऑटोइम्यून प्रकारच्या, म्हणजे इम्युनिटी आपल्याच शरीरावर उलटते तशा, लिव्हरच्या आजाराची लक्षणं होती. म्हणजे जी वेल इम्युनिटी चाळवते म्हणून आपण पितो, तेच काहींना नडतं. थायरॉइड, संधिवात असा ऑटोइम्यून त्रास असेल तर हात लावू नका. आणि सासऱ्यांचं म्हणाल तर गुळवेलीने शुगर उतरू शकते, वर गोळी, त्यात उपाशीपोटी काढा, म्हणजे सकाळी फिरायला जाताना चक्कर येऊ शकते.

आयुर्वेदात ही अमृता, तोडून टांगून ठेवली तरी हवेतच मुळं सोडत जगते म्हणून असेल कदाचित. पण वैद्य ती ताप बघून, माणूस बघून, ठरावीक दिवस देतात, वर्षानुवर्षं चहासारखी नाही. तर काढा आजच थांबवा, लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या आणि शुगरच्या डॉक्टरांना खरं सांगा की हे इतकी वर्षं चालू होतं. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, जेवणावरची वासना उडणं यातलं काहीही असेल तर रिपोर्टची वाट न बघता जा.

आणि खोडाचा फोटो पाठवा, जवळून, साल थोडी खरवडून. पानांचे आलेले सतरा फोटो माझ्याकडे पडलेत, त्यातले चार तर चक्क मनी प्लांट आहेत.