‘आमची ऋणे आम्हांस सोड’: सोडायचे की फेडायचे?

प्रश्न असा आला आहे: “ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे प्रार्थनेला गेलो होतो. ‘जशी आम्ही आपल्या ऋण्यांस ऋणे सोडली आहेत तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असे सगळे एका सुरात म्हणत होते. मराठीत ऋण फेडतात, सोडत नाहीत. आणि देवाकडे पापांची क्षमा मागताना कर्ज कुठून आले? हे चुकलेले भाषांतर आहे का?”

नाही. ‘मिशनरी मराठी’ असा शिक्का मारून हे वाक्य दुरुस्त करायला निघालेली माणसे मला वारंवार भेटतात आणि दर वेळी चीड येते. दुरुस्त करण्याआधी मूळ तरी बघावे. मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, इथे ‘ओफेइलेमाता’ आहे, म्हणजे देणी, थकलेली कर्जे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत होता तिच्यात ‘होबा’ हा एकच शब्द कर्जालाही चालतो आणि पापालाही. आणखी एक शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने तीच प्रार्थना देताना पहिल्या भागात ‘पापे’ लिहिले, पण पुढच्याच भागात ‘ऋणी’ तसाच ठेवला. कर्ज तिथे मुळातच आहे, भाषांतरकाराने घुसडलेले नाही. क्रियापद ‘अफिएमि’, म्हणजे जाऊ देणे, सोडणे. ‘सोड’ हे त्याचे नेमके मराठी.

क्षमा, माफी, दया यांचे रोजचे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. एवढेच सांगतो की ‘क्षम्’ म्हणजे सहन करणे; म्हणून तर सगळे सोसणाऱ्या पृथ्वीला क्षमा म्हणतात. माफी ज्या अरबी धातूतून आली त्याचा अर्थ पुसून टाकणे. एकात सोसणे, दुसऱ्यात पुसणे. ‘सोड’मध्ये तिसरेच काही आहे, आणि खरी गंमत तिथे आहे.

‘ऋण फेडतात, सोडत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी ‘फेडणे’ नीट पाहिलेले नाही. आपण वस्त्रही फेडतो. निरी फिटते, कासोटा फिटतो, आणि ऋणही फिटते. जाणकार म्हणवणारेही हे दोन वेगळे अर्थ मानून पुढे जातात. मला ते साफ अमान्य आहे. अर्थ एकच: बांधलेले सुटे करणे. कर्ज ही आपल्या भाषेत गाठ आहे. पटत नसेल तर ‘ऋणानुबंध’ उच्चारून पाहा. हल्ली लग्नपत्रिकांत तो गोड शब्द झाला आहे, पण त्यात ऋण आणि बंध शेजारी शेजारी बसलेत. गेल्या जन्मीचे देणे या जन्मी माणसाला माणसाशी बांधते, ही त्यामागची मूळ समजूत. गहाण टाकलेले दागिने आपण ‘सोडवून’ आणतो, ते याच हिशेबाने.

ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातले 28वे सूक्त वरुणाचे आहे. त्यात कवी म्हणतो, माझे पाप दोरीसारखे माझ्यापासून सैल कर. चारच ऋचांनंतर तोच वरुणाला विनवतो, मी केलेली ऋणे दूर कर. पाप, दोरी आणि ऋण एकाच सूक्तात! आता लॅटिन घ्या. ‘सोल्वेरे’ म्हणजे गाठ सोडणे, आणि कर्ज फेडणेही. तंतोतंत आपले फेडणे. कॅथलिक धर्मगुरू पापनिवेदन ऐकल्यावर शेकडो वर्षे जे लॅटिन शब्द म्हणत आले ते ‘एगो ते आब्सोल्वो’, म्हणजे मी तुला सोडवतो, बंधमुक्त करतो. त्यांचा हा अधिकार ज्या वचनांवर उभा आहे त्यांत येशू शिष्यांना सांगतो की तुम्ही पृथ्वीवर जे बांधाल ते स्वर्गात बांधले जाईल आणि जे मोकळे कराल ते मोकळे होईल. तिथेही बांधणे आणि मोकळे करणेच.

(‘सोल्व’ आणि ‘सोड’ एकाच मुळाचे असल्याचे कुणी सांगितले तर मुळीच ऐकू नका. आपले सोडणे हिंदीच्या ‘छोडना’चे भावंड, जशी छुरीची सुरी. उच्चार जुळला की नाते जोडणाऱ्यांनी व्युत्पत्तीचे फार नुकसान केले आहे.)

म्हणजे माझे म्हणणे असे: गाठ एकच, पण ती कोण उकलतो यावर क्रियापद ठरते. ऋणकोने उकलली तर फेडणे, धनकोने उकलली तर सोडणे. देव इथे धनको आहे, म्हणून त्याला ‘सोड’ म्हणायचे. ‘ऋणे फेड’ म्हटले तर आपले देणे त्याने दुसऱ्या कुणाला तरी चुकते करावे असा भलताच अर्थ निघेल. आणि ‘अपराधांची क्षमा कर’ असा सोपा पाठ घेणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही, पण त्यात हिशेब नाहीसा होतो. सोडणाऱ्याला पदरचे जाते. पापक्षमेच्या ख्रिस्ती कल्पनेत हे पदरचे जाणे फार मोठे आहे, म्हणून तर मराठी बायबलात येशूच्या मरणासाठी ‘खंडणी’सारखा रोकडा शब्द येतो.

मत्तयाच्या 18व्या अध्यायातला दृष्टान्त याच मापाने वाचावा. राजाच्या चाकराचे देणे 10,000 तलांत. एका तलांताची 6,000 देनारियस नाणी, आणि एक नाणे म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. सहा कोटी दिवसांची मजुरी! तो पाया पडून म्हणतो, मला मुदत द्या, सगळे फेडीन. राजाला त्याची दया येते. मुदत तो देतच नाही. चाकराला मोकळा करतो आणि कर्ज सोडतो. चाकराने मागितले होते फेडणे, मिळाले सोडणे. बाहेर पडल्यावर त्याला 100 देनारियस देणे असलेला सोबती भेटतो. हा त्याचा गळा धरतो. तोही पाया पडतो, तेच शब्द बोलतो, आणि हा त्याला तुरुंगात टाकतो.

प्रार्थनेतले ‘जशी आम्ही आपल्या ऋण्यांस’ हे शब्द या चाकराला म्हणता आले नसते.